मेंढरांमागचा दवाखाना

त्या सकाळी अंबूबाईनं नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक काही बाहेर पडेना. चुलीवरचं चहाचं पातेलं उतू चाललं होतं. ते उतरवायला उजवा हात पुढं केला, तर हातही ऐकेना. पातेलं कलंडलं, चहा मातीत गेला. केरबा तिकडं वाघर सोडत होता. मेंढरांभोवती लावलेली जाळी ती वाघर. त्याला वाटलं, चहा सांडला म्हणून बायको गप्प बसलीय. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई गप्प बसते यात काही वावगं आहे, हे त्या भल्या माणसाला उमगायला वेळ लागला.

हे घडलं कृष्णाकाठच्या तुंगारगावात, जवाहरअण्णांच्या ऊस तुटून गेलेल्या रानात. अंबूबाई मूळची तिकडं वर, माण तालुक्यातल्या बोरमाळवाडीची. तिकडचं रान सगळं पावसाच्या भरवशावरचं. दिवाळी सरली की चारा सरतो आणि धनगरांची बिऱ्हाडं खाली पाण्याच्या मुलखात उतरतात. घोडीवर संसार बांधायचा, शंभर-सव्वाशे मेंढरं पुढं घालायची आणि वडूजच्या खालून, पुसेसावळी, कडेगाव, पलूस करत नदीकाठ गाठायचा. वाटेतले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला खत होतं, धनगराला जोंधळा मिळतो. मृगाच्या आधी पुन्हा वर. अंबूबाईचं लग्न झालं त्याला अडतीस वर्षं झाली, आणि त्यातली एकही दिवाळी तिनं भाऊबीजेच्या पुढं गावात काढली नव्हती.

जवाहरअण्णांची बायको गुणमाला ताकाची चरवी घेऊन बांधावरून येत होती. तिनं अंबूबाईकडं एकदा पाहिलं आणि चरवी तिथंच खाली ठेवली.

"अंबूबाई, जरा हसा बघू."

अंबूबाई हसली, पण निम्मीच. तोंडाची एक बाजू वर गेली, दुसरी तशीच लोंबत राहिली.

"आवं, गाडी काढा!" गुणमाला वस्तीकडं तोंड करून ओरडली. तिच्या सासऱ्यांना असंच झालं होतं, आणि त्या वेळी तेल चोळण्यात अर्धा दिवस गेला होता. तो अर्धा दिवस तिच्या मनातून कधी गेला नव्हता. अर्ध्या तासात अंबूबाई अण्णांच्या गाडीतून सांगलीच्या सरकारी दवाखान्यात पोचली. केरबा मागच्या सीटवर तिचा हात धरून बसला होता आणि मेंढरांकडं कोण बघणार हे विचारायचंही विसरला होता.

नशीब थोर. दवाखान्यात पोचेपर्यंत हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि दुपारी अंबूबाईच्या तोंडून पहिला शब्द आला, "मेंढरं?" वॉर्डातल्या बायका हसल्या. केरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिथल्या डॉक्टरनं कागद भरता भरता विचारलं, "बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद केल्या?"

"बंद न्हाई केल्या," अंबूबाई जड जिभेनं म्हणाली. "संपल्या."

डॉक्टर लिहायचे थांबले. "हा इशारा होता, मावशी. मेंदूतली रक्ताची वाट थोडा वेळ तुंबली आणि मोकळी झाली. पुढच्या वेळी मोकळी होईलच असं नाही. गोळ्या आता चुकवायच्या नाहीत."

तीन दिवस तिला ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी गुणमाला उशिरापर्यंत खाटेपाशी बसून होती. तिचं घर जैनाचं, तिच्याकडं सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. खिडकीबाहेर दिवेलागण झाली तेव्हा अंबूबाईच्या ध्यानात आलं की ह्या बाईनं सकाळपासून पोटात काही घातलेलं नाही, आणि आता ती उद्यापर्यंत घालणारही नाही. अंबूबाईनं तिच्या पदराचा शेव धरून ठेवला.

आता ह्या संपलेल्या गोळ्यांची गोष्ट अशी. तीन वर्षांमागं बोरमाळवाडीत तपासणीचं शिबिर झालं. त्यात अंबूबाईला बीपी निघालं. उपकेंद्रातल्या तेव्हाच्या नर्सबाईनं महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, महिन्यानं या. महिन्यानं अंबूबाई कडेगावच्या माळावर होती. गोळ्या संपल्या. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. मग दुखणं गेलं असंल, असं तिनं धरलं. उन्हाळा संपवून परत आली तेव्हा नर्सबाई तडकली, "सहा महिने कुठं होता? औषधाची किंमत हाय का तुमाला?" पुन्हा महिन्याच्या गोळ्या. पुन्हा दिवाळी. दुसऱ्या वर्षी बोलणी खायला नको म्हणून अंबूबाई उपकेंद्राकडं फिरकलीच नाही.

सांगलीहून मिळालेल्या गोळ्या तिनं जपून पुरवल्या. खरं सांगायचं तर एक दिवसाआड घेऊन पुरवल्या. मृगाआधी बिऱ्हाड वर आलं आणि चौथ्या दिवशी दारात एक मुलगी उभी राहिली. सलवार-कमीज, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट.

"मी शिवांजली. उपकेंद्रात नवीन आलेय. अंबूबाई तुम्हीच ना?"

अंबूबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही. "बोल. तुलाबी वरडायचं आसंल तर वरडून घे. पर एक सांगते, मेंढरं तुज्या तारखेला थांबत न्हाईत."

पोरगी ओरडली नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि पिशवीतनं रजिस्टर काढलं. "मावशी, मी मागची तीन वर्षं चाळली. ह्या गावात बीपी नाहीतर साखर असलेली एकोणसाठ माणसं आहेत. त्यातल्या अकरा जणांपुढं दर दिवाळीपासून 'आले नाहीत, आले नाहीत' असंच लिहिलंय. पहिल्यांदा मला वाटलं, ही माणसं बेफिकीर आहेत. मग नावं वाचली. अकराच्या अकरा धनगरवाड्यातली."

"मग?"

"मग कळलं की तुम्ही चुकत नाही. आमची तारीख चुकतेय." तिनं कोरा कागद काढला. "तुम्ही जाता कसं, ते मला सांगा. पहिल्या मुक्कामापासून."

अंबूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. अडतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. 'कुठं होता' असं दरडावून सगळ्यांनी विचारलं होतं. 'कसं जाता' असं कुणी नाही.

तिनं कोकरू खाली सोडलं आणि सांगायला लागली. तिला अक्षर येत नव्हतं, पण वाट तळहातावर होती. "भाऊबीज झाली की निघायचं. पयले आठ धा दिस वडूजच्या खाली, जोंधळ्याच्या रानात. मग पुसेसावळीच्या वरल्या अंगाला, तितं पाणी गोड हाय. त्येच्या म्होरं कडेगावचा माळ. तितं म्हैना जातो, कवा दीड. संक्रांत झाली की पलूसकडं. तवर ऊस तुटाय लागतो. आन् शिमग्याच्या आदी तुंगारगाव." शिवांजली लिहीत होती, रेघा मारत होती. मधेच केरबा येऊन म्हणाला, "आगं, कडेगावच्या आदी ती लिंबाची हीर न्हाई का?" मग नवराबायकोत त्या विहिरीवरून वाद झाला. शिवांजलीनं दोन्ही विहिरी कागदावर काढल्या. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. ती उठली तेव्हा कागदावर दिवाळीपासून मृगापर्यंतचा सगळा मुलूख उतरला होता.

पंधरा दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात अकराही जणांना बोलावणं आलं. डॉक्टर वीरधवल तिथले मुख्य. मोठा माणूस, पण बोलायला साधा. त्यांनी शिवांजलीचा कागद भिंतीवर लावला होता.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की आमचा दवाखाना गावाला बांधलेला आहे. माणूस गावात असला तर तो आमचा. गाव सोडलं की तो कुणाचाच नाही. ताप-खोकल्याला ते चालतं. तुमचं दुखणं जन्माचं आहे. ते तुमच्याबरोबर चालणार, तर दवाखान्यालाही तुमच्याबरोबर चालायला पाहिजे."

त्यांनी वाटेवरच्या पाच मुक्कामांजवळच्या पाच उपकेंद्रांशी बोलणं केलं होतं. त्यासाठी वरच्या हापिसात त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या होत्या, हे अंबूबाईला मागाहून कळलं. प्रत्येकाला एक कार्ड मिळणार होतं. ते दाखवलं की पाचांपैकी कुठंही बीपी बघून गोळ्या मिळणार. गोळ्या एका वेळी दोन महिन्यांच्या. आणि प्रत्येक मुक्कामाच्या उपकेंद्रात अकरा जणांची नावं आणि यायचा अंदाजी आठवडा आधीच लिहून ठेवलेला असणार; बीपीचा आकडा तिथून फोननं शिवांजलीला कळणार.

"दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला मी तयार आहे," डॉक्टर म्हणाले, "पण उघड्या रानात ठेवाल कुठं? भिजल्या, हरवल्या तर?"

अंबूबाई म्हणाली, "मिठाच्या डब्यात."

"मिठाच्या?"

"मेंढरांला मीठ लागतंय, डाक्टर. घोडीवर पयला त्योच डबा चढतो. पावसात आमी भिजतो, पर मीठ भिजू देत न्हाई. त्येच्या झाकणात कापडाची पिशवी करून गोळ्या ठिवू."

डॉक्टर हसले. "ठेवा. पण डबा उघडलाय म्हणून स्वतःच्या ताटात जास्त मीठ घेऊ नका म्हणजे झालं." आणि सगळ्यांच्या यादीत 'मिठाचा डबा' असं त्यांनी खरोखरच लिहून घेतलं.

दिवाळीनंतर बिऱ्हाडं हलली. आठ जणांनी अंबूबाईची वाट धरली. उरलेल्या तिघांची घरं, त्यात ज्ञानूचंही, त्या वर्षी चाऱ्याच्या आशेनं कोयनानगरकडून घाट उतरून कोकणात गेली. पहिल्या मुक्कामाला सगळं सुरळीत झालं. वडूजच्या खालच्या उपकेंद्रात कार्ड बघताच नर्सबाईनं नाव शोधलं, पट्टा बांधला, आकडा लिहिला. घरून आणलेल्या गोळ्या अजून महिनाभर पुरणार होत्या; नव्या कडेगावला घ्यायच्या ठरलं. अंबूबाई हरखून गेली. परक्या गावात आपलं नाव आधीच लिहिलेलं असतं, ही काय चीज आहे ते ज्याच्या नशिबी कायम परकं गाव आलं त्यालाच कळावं.

पुसेसावळीच्या वर गोड पाणी पिऊन मेंढरांचं सगळं खांड कडेगावच्या माळावर पोचलं. तिथं माशी शिंकली. तिथली नेहमीची नर्स रजेवर होती. बदलीवर आलेली क्रांती नावाची तरुण पोर एकटी, बाहेर लसीच्या बायकांची रांग. तिनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "तुमचं नाव आमच्या गावात नाही, आजी. तुमच्या गावाला जा."

पुन्हा तेच, अंबूबाईच्या मनात आलं. चार मैल चालत ती तळावर परत आली आणि कार्ड मिठाच्या डब्याच्या तळाशी घालून टाकलं.

"त्या शिवांजलीला फोन लावू का?" केरबानं विचारलं.

"नगं. तिला बिचारीला काय दुसरं काम न्हाई व्हय? किती म्हणून तिच्या मागं लागायचं?"

गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या. ती पुन्हा एक दिवसाआड घ्यायला लागली. पाचव्या दिवशी दुपारी केरबाचा मोबाइल वाजला.

"मावशी, कडेगावचा तुमचा आठवडा संपला आणि तुमच्या नावापुढं आकडाच नाही. काय झालं?" शिवांजलीचा आवाज.

अंबूबाईनं आधी काही नाही म्हणून पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं. अपमान झाला त्याचं काही नव्हतं. ते सवयीचं होतं. पण आपण आलो नाही हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. साठ-सत्तर किलोमीटरांवर बसलेली एक पोर कागदावरची रिती जागा बघून फोन लावत होती. खांडातलं एक मेंढरू कमी झालं की केरबाला न मोजता कळतं, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर स्कूटी आली. क्रांती होती. कुत्री अंगावर धावली तशी ती स्कूटीवरच थिजली. अंबूबाईनं कुत्री हाकलली.

"चुकलं माझं, आजी," ती उतरता उतरता म्हणाली. "यादी कपाटात लावलेली होती. मी नवी, मला कुणी दाखवली नव्हती. पण मी विचारायला पाहिजे होतं."

दगडावर बसून तिनं बीपी पाहिलं. वरचा आकडा एकशे बहात्तर. तिनं डॉक्टर वीरधवलांना फोन लावला, त्यांनी एक गोळी वाढवली. क्रांतीनं गोळ्या मोजून दिल्या आणि मग स्वतःच विचारलं, "इथं आणखी कितीजणं आहेत तुमच्यातली?" दुपारपर्यंत ती माळावरचे तिन्ही तळ फिरली. जाताना अंबूबाईनं तिला शेळीच्या दुधाचा चहा पाजला. पोरीनं पहिल्या घोटाला नाक मुरडलं, पण कप रिकामा केला. त्यानंतर तिनं यादी कपाटातून काढून दारावर चिकटवली, असं मागून आलेल्या बिऱ्हाडानं सांगितलं.

शिमग्याच्या आधी खांड तुंगारगावात शिरलं. गुणमाला बांधावर वाट बघत उभी होती. तिनं अंबूबाईचे दोन्ही हात हातात घेऊन दाबून पाहिले, उजव्यात जोर आहे का म्हणून. ह्या वेळी उपकेंद्राच्या नर्सनं ठरवलं होतं की धनगरांनी गावात येण्यापेक्षा तीच जवाहरअण्णांच्या वस्तीवर येईल. सोप्यात सतरंजी अंथरली, बीपीचं यंत्र, साखर बघायचं यंत्र मांडलं. एकेकाचं बघून झालं. अंबूबाईचा आकडा एकशे चौतीस आला.

नर्स आवराआवर करायला लागली तशी अंबूबाई म्हणाली, "थांबा. आमच्या वैनींचंबी बगा."

"माझं कशाला?" गुणमाला मागं सरली. "मला काय झालंय? मी धडधाकट आहे."

"मीबी धडधाकटच हुते, वैनी. तुमच्या म्होरंच तोंड वाकडं झालं. त्या दिशी तुमी इचारलासा का मला, गाडीत बसतीस का म्हणून? हात म्होरं करा."

जवाहरअण्णा दारातून म्हणाले, "कर गं हात पुढं. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय का?"

गुणमालाची साखर दोनशे अठ्ठावन्न निघाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या, तरी. नर्सनं पुन्हा पाहिलं, तेवढीच. गुणमालानं किती वर्षं पायांची आग उन्हावर ढकलली होती, तहान मिठावर ढकलली होती, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत दोघी मागच्या पडवीत जेवायला बसल्या. गुणमाला भाकरी मोडेना.

"औषध जन्मभर घ्यायचं म्हणे," ती म्हणाली.

"व्हय. मेंढरामागं तरी दुसरं काय करतो आमी? रोज सोडायची, रोज कोंडायची. एक दिस चुकवून चालत न्हाई. सवय हुती." अंबूबाईनं तिच्या ताटात भाकरीचा चतकोर ठेवला. "खावा आता. दिस बुडतोय. माज्यापायी एकदा उपाशी ऱ्हायलासा, त्येच अजून फिटलं न्हाई माज्याच्यानं."

गुणमालाच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. तिनं तुकडा मोडला.

मृगाआधी खांड वर आलं. शिवांजलीनं ह्या वेळी धनगरवाड्यातच सगळ्यांना बसवलं आणि हिशोब सांगितला. अंबूबाईचे कडेगावचे ते पाच दिवस सोडले, तर तिच्या वाटेवरच्या आठांपैकी सात जणांच्या गोळ्या एकदाही खंडल्या नव्हत्या. आठव्याच्या, सयाजीच्या, मधे पंधरा दिवस राहिल्या, कारण तो आपला तळ न सांगता दुसऱ्या रानात गेला होता. सगळे त्याला हसले. मग कुणीतरी ज्ञानूचं विचारलं, आणि हसणं थांबलं.

ज्ञानूला कोकणात, घाटाखाली, माघ महिन्यात झटका आला होता. त्याला गाडी मिळाली ती संध्याकाळी. जीव वाचला, पण डावं अंग गेलं. घाटाखालच्या वाटेवर ना यादी होती, ना कुणाचं नाव. अंबूबाई त्याच दुपारी त्याच्या घरी गेली. ज्ञानू बाजेवर होता, भिंतीकडं तोंड करून. ती उशाशी बसली. तुला झालं ते मला व्हायचं होतं, एवढंच मनात फिरत होतं. आपल्याला वेळेवर एक गुणमाला भेटली, एक शिवांजली भेटली. त्यात आपलं कर्तृत्व ते काय?

ती उठली आणि तडक उपकेंद्रात गेली. शिवांजली गोळ्यांची खोकी मांडत होती.

"बाय, ती घाटाखालची वाट कवा करनार तू?"

"डॉक्टरसाहेबांचं तिकडच्या लोकांशी बोलणं झालंय, मावशी. ते तयार आहेत. पण ती वाट मला कोण सांगणार? ज्ञानूकाकांना नीट बोलता येत नाही अजून."

"त्येच्या बायकोला येतं की. अर्जुना. तीस वर्सं चाललीया ती. पर तुज्याकडं यायला लाजती. नवऱ्याच्या गोळ्या बुडाल्या म्हणून तू वरडशील, असं वाटतंय तिला."

शिवांजलीनं खोकं तसंच ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावली. "चला मग. आपण जाऊ."

दोघी निघाल्या. वाटेत अंबूबाई थांबली, कमरेची चंची चाचपली, पान काढलं, परत ठेवलं.

"पोरी, तुला एक सांगायचं ऱ्हाऊन गेलंया. कडेगावच्या माळावर तुजा फोन आला ना, त्या दिशी मी केरबाला म्हनलं, मला आता एक भन आन् एक लेक झाली. भन तुंगारगावात, लेक हितं." मग तिलाच ते जड झालं. "चल, बिगीबिगी. अर्जुना शेरडं घिऊन माळाला गेली, तर सांजच्याला घावायची न्हाई."

अर्जुना दारातच निवडण घेऊन बसली होती. शिवांजलीला बघून तिनं पदर सारखा केला आणि आत जायला उठली. अंबूबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं, आणि स्वतःही शेजारी टेकली. शिवांजलीनं पिशवीतून कोरा कागद काढला.

"अर्जुनाकाकी," ती म्हणाली, "दिवाळी झाली की तुम्ही निघता. पहिला मुक्काम कुठं?"